हप्त्याला दिवाळीची सुट्टी नसते

दसरा झाला की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या गृहकर्ज सल्ला कार्यालयातला फोन दिवसभर वाजू लागतो आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्येही एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला असतो: पाडव्याला घराचा व्यवहार करायचा आहे, तर बँक कधी उघडी, नोंदणी कधी होणार आणि तुम्ही कधी भेटणार? म्हणून या वेळी आधी वेळा आणि बातम्या सांगते, मग पत्रांकडे वळते.

वसुबारसेला, म्हणजे शुक्रवार १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, आमचे कार्यालय नेहमीप्रमाणे सकाळी १० ते सायंकाळी ६.३० उघडे राहील. शनिवारी १८ तारखेला धनत्रयोदशी असल्यामुळे आम्ही दुपारी २ वाजता कुलूप लावू. मात्र हा महिन्यातला तिसरा शनिवार असल्याने बँका त्या दिवशी चालू आहेत. सोमवारी, २० तारखेला, नरकचतुर्दशी आहे, पण महाराष्ट्रात त्या दिवशी बँकांना सुट्टी नाही, त्यामुळे अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून आमच्यापैकी एक जण ११ ते ४ या वेळेत टेबलापाशी असेल. लक्ष्मीपूजन (मंगळवार, २१) आणि बलिप्रतिपदा (बुधवार, २२) हे दोन दिवस बँकाही बंद आणि आम्हीही बंद. गुरुवारी २३ तारखेला येणारी भाऊबीज तेवढी फसवी आहे: बँका उघडतात, पण राज्य शासनाने आपल्या कार्यालयांना भाऊबीजेची अतिरिक्त सुट्टी दिलेली असल्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदणी होत नाही. त्या दिवशी मी स्वतः ओझरला भावाकडे असेन. फोन मात्र ११ ते १ या वेळेत उचलला जाईल. शुक्रवारी २४ तारखेला सर्व काही नेहमीसारखे, शनिवारी २५ तारखेला चौथा शनिवार म्हणून बँका बंद, आम्ही दुपारी २ पर्यंत, आणि सोमवार २७ पासून पूर्ववत.

या तारखा एका कागदावर मांडून पाहिल्या तर लक्षात येईल की १८ ते २६ ऑक्टोबर या नऊ दिवसांत बँक आणि नोंदणी कार्यालय ही दोन्ही दारे हमखास उघडी असतील असे दिवस दोनच आहेत, २० आणि २४. ज्यांना सण साधून व्यवहार पुरा करायचा आहे, त्यांनी कागदपत्रे १७ तारखेच्या आत आमच्याकडे किंवा थेट बँकेत पोहोचवावीत.

बातम्यांपैकी महत्त्वाच्या दोन. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ च्या पतधोरणात रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) ५.५० टक्क्यांवर कायम ठेवला, म्हणजे फेब्रुवारीत पाव, एप्रिलमध्ये पाव आणि जूनमध्ये अर्धा टक्का अशी जी एक टक्क्याची घट या वर्षात झाली, त्यात त्या वेळी भर पडली नाही. दुसरी बातमी धनादेशांची आहे. ४ ऑक्टोबरपासून धनादेश गठ्ठ्याने न पाठवता दिवसभर अखंडपणे वटवण्याची पद्धत सुरू झाली असून सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत पुढे आलेल्या धनादेशाचा निकाल देणाऱ्या बँकेने त्याच सायंकाळी ७ पर्यंत लावायचा आहे. या दुसऱ्या बातमीचा उपयोग खालच्या एका उत्तरात होईल.

प्रश्न : नमस्कार ताई. पाथर्डी फाट्याजवळ बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ४० लाखांची सदनिका आम्ही पसंत केली आहे. पाडव्याच्या मुहूर्तावर ८ लाख रुपये भरले तर मॉड्युलर किचन आणि नोंदणीचा खर्च बिल्डरकडून, अशी ऑफर आहे. कर्जाचा अर्ज अजून दिलेला नाही. मुहूर्त सोडायचा नाही, तर काय करावे? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : मुहूर्त सोडू नका, पण ८ लाखही देऊ नका. स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे रेराच्या, कलम १३ नुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला सदनिकेच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. आपल्या बाबतीत ही मर्यादा ४ लाख होते. पाडव्याला दुय्यम निबंधक कार्यालय बंद असल्यामुळे त्या दिवशी करारनामा नोंदवला जाणे शक्यच नाही, आणि म्हणून त्या दिवशी ८ लाख मागणे हे मुळातच नियमाला सोडून आहे. पाडव्याला श्रीफळ वाढवून, आपल्याला झेपेल तेवढी टोकन रक्कम बँकेतून वळती करून, सदनिकेचा क्रमांक, मजला, चटई क्षेत्र, एकूण किंमत आणि ऑफरमधली प्रत्येक गोष्ट लिहिलेली सहीशिक्क्याची पावती घ्यावी. मुहूर्त साधण्यासाठी एवढे पुरेसे आहे. जी सवलत पावतीवर लिहायला विक्री प्रतिनिधी कां-कूं करतो, ती ताबा मिळेपर्यंत टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता पैशांचा हिशेब. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के अशी कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातलेली आहे. ४० लाखांच्या घरावर आपल्याला जास्तीत जास्त ३२ लाख मिळतील, तेही उत्पन्नात बसले तर. घराची किंमत धरताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क त्यात मिळवले जात नाही, ते आपल्या खिशातून जाते. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी लागेल, पण नाशिक महानगरांच्या यादीत नसल्याने ४५ लाखांपर्यंत किंमत आणि ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेली सदनिका परवडणाऱ्या घरांत मोडते आणि तिला ५ नव्हे, १ टक्का दर आहे. किमतीच्या तक्त्यात ५ टक्के लावलेले असतील तर तिथेच विचारावे. १ लाख ६० हजारांचा प्रश्न आहे.

पाडव्याआधी एक काम मात्र जरूर करावे. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक) घेऊन त्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पूर्णत्वाची तारीख आणि जमिनीवर आधीचा बोजा आहे का ते पाहावे, आणि उत्पन्नाचे कागद देऊन बँकेकडून तत्त्वतः मंजुरी मागावी. मंजुरी न घेता मोठी रक्कम गुंतवली आणि नंतर कर्ज २६ लाखच बसले, तर मधले सहा लाख उभे करताना सोने गहाण टाकावे लागलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझ्या हप्त्याची तारीख ५ आहे. यंदा ५ ऑक्टोबरला रविवार होता, म्हणून सोमवारी सकाळी खात्यात रोख भरण्याचे ठरवले होते. सोमवारी शाखेत गेलो तेव्हा हप्ता रविवारीच परत गेल्याचे कळले आणि दोन्हीकडून दंड लागला. सुट्टीच्या दिवशी हप्ता कापता येतो का? (एक वाचक, अंबड)

उत्तर : येतो, आणि गेली चार वर्षे येत आहे. खात्यातून आपोआप हप्ता वळता करणारी जी यंत्रणा आहे, जिला आपण अजूनही सवयीने ईसीएस म्हणतो पण जिचे नाव आता नॅच आहे, ती १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते. त्यापूर्वी सुट्टीच्या दिवशीचा हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी कापला जात असे, आणि तीच जुनी सवय अनेकांच्या डोक्यात घट्ट बसली आहे. आपली चूक एवढीच झाली. पण दंड दोन ठिकाणी लागतो, कारण आपले खाते असलेली बँक परत गेलेल्या आदेशाचे शुल्क घेते आणि कर्ज देणारी संस्था उशिराचे. १ एप्रिल २०२४ पासून उशिरासाठी व्याजदरात वाढ करून व्याजावर व्याज आकारता येत नाही, फक्त दंडात्मक शुल्क घेता येते, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावता येत नाही. दंडाची रक्कम अवास्तव वाटली तर मंजुरीपत्रातील दरपत्रकाशी ताडून पाहावी.

शुल्कापेक्षा पतअहवालातली नोंद अधिक त्रासदायक ठरू शकते. १ जानेवारी २०२५ पासून बँका कर्जदारांची माहिती सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना दर पंधरवड्याला पाठवतात. त्यामुळे हप्ता अजून भरला नसेल तर आजच भरावा आणि भरल्याची पावती जपून ठेवावी. वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो नोव्हेंबरअखेर मागवून नोंद तपासावी.

पुढचा महिनाही लक्षात ठेवा. ५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंती आहे आणि बँकांना सुट्टी आहे, तरीही हप्ता त्याच दिवशी कापला जाईल. रोख भरण्यासाठी शाखा उघडण्याची वाट पाहण्याची गरजही उरलेली नाही: एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहेत, आणि रोख जमा करण्याचे यंत्र लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही नोटा घेते. आपला पगार ७ तारखेला होतो असे आपण पत्रात पुढे लिहिले आहे. मग हप्त्याची तारीख १० करून द्यावी असा लेखी अर्ज शाखेत देणे हा खरा उपाय आहे. नवा आदेश लागू होईपर्यंत जुन्या तारखेलाच पैसे कापले जातात, हे मात्र विसरू नये.

प्रश्न : गंगापूर रोडवरची जुनी सदनिका घेत आहोत. विक्रेते पुण्याला राहतात आणि दिवाळी झाल्यावर २४ तारखेला खरेदीखतासाठी येणार आहेत. सुट्ट्या आहेत म्हणून बँक ३२ लाखांचा धनादेश १७ तारखेलाच तयार करून ठेवते म्हणते. व्याज कोणत्या तारखेपासून लागेल? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

गेल्या वर्षी एका शाखेत अशाच कामासाठी बसले असताना अधिकाऱ्यांनी टेबलाचा खण उघडला, तर आत पांढऱ्या लखोट्यांचा जाड गठ्ठा होता आणि प्रत्येक लखोट्यावर पेन्सिलीने विक्रेत्याचे आडनाव लिहिलेले होते. बाहेर कर्मचारी दाराला झेंडूचे तोरण बांधत होते. सर्वांत वरचा लखोटा आमच्या अशिलाचा होता. आतल्या धनादेशावर पाच दिवसांपूर्वीची तारीख होती आणि संगणकावर कर्जखाते उघडले तर पाच दिवसांचे व्याज मांडून तयार होते. पैसा बँकेच्याच खणात, आणि व्याज मात्र कर्जदाराच्या नावे. आम्ही तक्रार लिहून दिली, व्याज परत झाले, पण विचारले नसते तर ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ रोजी याच प्रकाराबद्दल स्पष्ट सूचना दिल्या आहेत. मंजुरीच्या किंवा करारावर सही झाल्याच्या तारखेपासून व्याज लावणे, धनादेशावरच्या तारखेपासून व्याज लावून तो प्रत्यक्षात कित्येक दिवसांनी हाती देणे, महिन्याच्या मध्यात कर्ज दिले तरी पूर्ण महिन्याचे व्याज घेणे, या पद्धती अयोग्य असून असे घेतलेले जादा व्याज परत करावे, असे तिने बँकांना आणि वित्तसंस्थांना कळवले आहे. व्याज सुरू होते ते पैसे खरोखर दिले जातात त्या दिवसापासून. आपल्या ३२ लाखांवर ८ टक्के दराने रोजचे व्याज सुमारे ७०० रुपये होते, म्हणजे १७ ते २४ या सात दिवसांचे जवळजवळ ४,९०० रुपये. यात नवा सोफा येत नसला, तरी घरच्या फराळाचा खर्च निघतो.

म्हणून बँकेला लेखी कळवावे की रक्कम खरेदीखत नोंदल्याच्या दिवशी विक्रेत्याच्या खात्यात थेट वळती करावी, किंवा धनादेश २४ तारखेचाच काढावा. धनादेश आधी काढण्यामागे तो वटायला वेळ लागतो हे कारण पूर्वी सांगितले जाई. ४ ऑक्टोबरनंतर त्या कारणातही जीव राहिलेला नाही. नोव्हेंबरमध्ये कर्जखात्याचा उतारा मागवावा आणि व्याजाची पहिली नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहावे. ती १७ ची असेल तर शाखाधिकाऱ्यांना पत्र द्यावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला शुल्क नाही.

प्रश्न : रेपो दर एक टक्क्याने कमी झाल्याचे वाचले, पण माझा हप्ता एका रुपयाने कमी झालेला नाही. बँक फसवते आहे का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : बहुधा नाही, पण तपासल्याशिवाय सोडूही नका. आधी आपले कर्ज कशाला जोडलेले आहे ते मंजुरीपत्रात पाहावे. बँकेने १ ऑक्टोबर २०१९ नंतर दिलेले बदलत्या दराचे गृहकर्ज बाह्य दराशी, म्हणजे बहुतेक वेळा रेपोशी, जोडलेले असते आणि त्याचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावाच लागतो. तेव्हा ६ जूनची घट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्या खात्यात दिसायला हवी. त्याआधीचे कर्ज एमसीएलआर किंवा आधार दरावर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या दरावर, असेल, किंवा ते गृहवित्त कंपनीचे असेल, तर हा नियम तसाच लागू होत नाही आणि घट उशिरा, अर्धवट किंवा अजिबात न येण्याची शक्यता असते. अशा वेळी थोडे शुल्क भरून त्याच संस्थेत नव्या दरावर जाता येते का, हे आधी विचारावे. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याचा विचार त्यानंतर.

दर कमी होऊनही हप्ता तोच राहण्याचे दुसरे कारण अधिक सामान्य आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा बहुतेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत लांबवली. २० वर्षांचे कर्ज नकळत २५-२६ वर्षांचे झाले. आता दर उतरत आहे तेव्हा तीच वाढलेली मुदत मागे येते आहे, हप्ता जागेवरच आहे. कर्जदाराच्या दृष्टीने हे वाईट नाही. ३० लाखांचे २० वर्षांचे कर्ज ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे २६,९९२ रुपये बसतो आणि ८ टक्क्यांनी २५,०९३. हप्ता कमी करून घेतला तर दरमहा १,९०० रुपये वाचतात. पण दर ८ झाल्यावरही जुना हप्ताच भरत राहिले, तर कर्ज साधारण १७ वर्षांत फिटते आणि हप्ता कमी करून घेण्याच्या तुलनेत एकूण पाच लाखांहून अधिक रक्कम वाचते. घरखर्च ओढाताणीचा नसेल तर हप्ता आहे तसाच ठेवावा, असे मी सांगते. ज्यांच्या घरी मुलांच्या शिक्षणाचा किंवा आजारपणाचा खर्च उभा आहे, त्यांनी बिनदिक्कत हप्ता कमी करून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार आजवर भरलेले मुद्दल आणि व्याज, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर यांचे तिमाही विवरण बँकेने उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. ते काढून मुदत किती उरली ते पाहिले की फसवणूक आहे की नाही, ते पाच मिनिटांत कळेल.

प्रश्न : घर केवळ पत्नीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते असे ऐकले. उत्पन्न मात्र माझेच आहे. कर्ज मिळेल का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : सवलत एक टक्क्याची आहे, पण खरेदीदार फक्त महिला असेल तरच, पतीचे नाव करारनाम्यात जोडले की ती जाते. शुल्क करारातली किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातली (रेडी रेकनर) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर बसते. हा तक्ता १ एप्रिल २०२५ पासून वाढला असून नाशिक महापालिका हद्दीतली सरासरी वाढ ७.३१ टक्के आहे. जुन्या दरांवर मांडलेला हिशेब म्हणूनच पुन्हा करून पाहावा.

कर्ज मिळेल. सहमालक असलेली प्रत्येक व्यक्ती सहकर्जदार असावी असा बँकांचा आग्रह असतो, पण सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असे नाही. आपण सहकर्जदार व्हाल आणि आपले उत्पन्न धरले जाईल. मात्र मालकी नसेल तर जुन्या करपद्धतीतली राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट आपल्याला मिळत नाही. आपण नव्या करपद्धतीत असाल तर राहत्या घरासाठी ती वजावट तशीही नाही, आणि मग एक टक्क्याची सवलत निखळ फायद्याची ठरते. जुन्या पद्धतीत आणि वरच्या टप्प्यात असाल, तर एकदाच मिळणाऱ्या सवलतीसाठी दरवर्षीची वजावट गमावणे परवडणारे नाही.

प्रश्न : सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. सदनिका स्वस्त होतील का? (एक वाचक, म्हसरूळ)

उत्तर : २२ सप्टेंबरपासून दर खाली आला हे खरे, पण घराच्या किमतीत सिमेंटचा वाटा लहान असतो आणि जागेचा मोठा. या एका कारणासाठी खरेदी लांबवू नये.

प्रश्न : आपण ग्राहकाकडून फी घेत नाही, मग आपले उत्पन्न कशातून? आणि ‘ही ऑफर पाडव्यापर्यंतच’ असे सांगून सही मागणाऱ्या प्रतिनिधीवर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, मखमलाबाद)

उत्तर : कर्ज वितरित झाले की बँक किंवा वित्तसंस्था आम्हाला मोबदला देते. हा मोबदला सर्वत्र सारखा नसतो, त्यामुळे सल्लागार जी संस्था सुचवतो ती का सुचवतो, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे, आणि किमान तीन संस्थांचे दर समोर ठेवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून उठून यावे. कर्ज मंजूर करून देतो म्हणून आगाऊ रोख मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे.

घाईच्या सहीबद्दल एक नियम उपयोगी पडेल. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासाठी मुख्य तथ्य विवरण, ज्याला बँकेत सगळे केएफएस म्हणतात, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. त्यात व्याज आणि सर्व शुल्के मिळून पडणारा खरा वार्षिक दर असतो आणि ते विवरण किमान तीन कामाचे दिवस वैध असावे लागते. सोमवारी २० तारखेला ते आपल्या हाती पडले, तर बँकेचे पुढचे तीन कामाचे दिवस २३, २४ आणि २७ हे येतात. म्हणजे पाडव्याच्या आत सही करायलाच हवी असे नाही. विवरण घरी न्यावे आणि शांतपणे वाचावे. त्यात कर्जासोबत विम्याचा एकरकमी हप्ता घातलेला आढळला तर तो सक्तीचा नाही हे लक्षात ठेवून, नको असल्यास लेखी नकार द्यावा. विमा घेणे चांगलेच, पण तो कर्जाच्या रकमेत मिळवला की त्याच्यावर वीस वर्षे व्याज जाते.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. ३ ऑक्टोबरला कर्जाची संपूर्ण रक्कम भरली. लक्ष्मीपूजनाला घराचे कागद देवापुढे ठेवावेत अशी पत्नीची इच्छा आहे. शाखेत गेलो तर कागद मुंबईच्या गोदामात आहेत, दिवाळीनंतर पाहू, असे सांगितले. (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : काका, आपले अभिनंदन. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि बोजा उतरवणे बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू असून संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. हे ३० दिवस साधे दिवस आहेत, कामाचे नव्हेत, त्यामुळे दिवाळीच्या सुट्ट्या त्यातून वगळता येत नाहीत आणि आपली मुदत २ नोव्हेंबरला पूर्ण होते. लक्ष्मीपूजनापूर्वीच कागद द्या असा कायद्याचा आग्रह आपल्याला धरता येणार नाही, पण आजच अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. गोदामातून फाइल मागवण्याची विनंती सणाआधी गेली, तर ती २४ किंवा २७ तारखेला शाखेत येऊ शकते. विनंतीच दिवाळीनंतर गेली तर मुदत हुकते. कागद कर्ज दिलेल्या शाखेतून घ्यायचे की संस्थेच्या दुसऱ्या कार्यालयातून, हा पर्यायही आपला आहे. कागद हरवले असे सांगण्यात आले, तर प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्च संस्थेनेच करायचा असून त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात.

बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा दाखला, मात्र लगेच मागावा. तो एका पानाचा असतो, शाखेतच तयार होतो आणि १७ तारखेपर्यंत मिळायला हरकत नसावी. यंदा देवापुढे तो ठेवता येईल. मूळ फाइल हाती येईल तेव्हा कर्ज घेताना दिलेली कागदांची यादी सोबत न्यावी आणि करारनामा, सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा उतारा), नोंदणीची पावती, मुद्रांक शुल्काचे चलन, जुन्या मालकांचे दस्त आणि सोसायटीचे भागपत्र असे एकेक पान मोजूनच पोचपावतीवर सही करावी. सुरक्षेसाठी घेतलेले कोरे धनादेशही त्याच वेळी परत मागावेत.